रबराची भिंत

मी जात्याच भित्री. विंचू, विहीर, वीज, सगळ्यांना भिऊन झालं होतं. पण न दिसणाऱ्या गोष्टीला भ्यायचं मी कॉलेजात शिकले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सरांनी फळ्यावर एक भिंत काढली. अलीकडे इलेक्ट्रॉन. भिंत चढून जाण्याइतकी ऊर्जा त्याच्याजवळ नाही. तरीही, सर म्हणाले, तो कधीतरी पलीकडे सापडतो. उडी मारून नाही, भोक पाडूनही नाही. त्याची लाट भिंतीत शिरते, विरत जाते, पण शून्य कधीच होत नाही. भिंत पातळ असेल तर पलीकडे थोडी उरते. बाकीची पोरं निवांत उतरवून घेत होती. मला मात्र दादाचे रबरी हातमोजे आठवले.

माझा थोरला भाऊ पिंपरीतल्या एका कंपनीत वायरमन होता. काळेवाडीच्या घरात आई, तो आणि मी, तिघंच. वडील गेल्यापासून घर त्याच्या जिवावर आणि माझं शिक्षण त्याच्या हट्टावर चाललं होतं. मशिनं बंद ठेवायची नाहीत म्हणून तो पुष्कळदा चालू लाइनीवरच काम करायचा. तो आणि वीज यांच्यामध्ये रबराचा एक थर, बाकी काही नाही.

संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं. तो भाकरी खात ऐकत होता.

“म्हंजी रबरातनं करंट येतो म्हन्तीस?”

“येऊ शकतो.”

“मग येवढी वरसं का न्हाई आला, तायडे? वाट चुकला का काय?”

आई हसली. मला असा राग आला की मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, रबराची जाडी धर आणि गणित करून बघ. केलं. भिंत थोड्याच अणूंइतकी जाड असेल तरच ही गळती धरण्याजोगी. तांब्याच्या तारेवर चढणाऱ्या पातळ काळपट पुटातून ती होते. हातमोज्याच्या जाडीला मात्र दशांशचिन्हापुढे इतकी शून्यं निघाली की जन्मभर लिहीत बसले असते. शहाण्या माणसाचं एवढ्यावर समाधान झालं असतं. मला त्या शून्यांच्या शेवटी दबा धरून बसलेला आकडाच दिसत राहिला. दादा शिफ्टला निघाला की परतीची सायकलची घंटा वाजेपर्यंत माझं पुस्तकात लक्ष लागायचं नाही.

कंपनीत ठेवले तर दुसरं कोणी घालतं म्हणून दादा हातमोजे घरी आणायचा. घामाचा वास येतो म्हणून आई रविवारी ते साबणानं धुवायची आणि बाकीच्या कपड्यांबरोबर अंगणाच्या कुपाटीवर, कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्यांवर वाळत घालायची. आमच्याकडे सगळ्यांचेच कपडे तिथं वाळायचे. काट्यात अडकवलं की वाऱ्यानं उडत नाही. दादा काम सुरू करण्याआधी हातमोज्यात तोंडानं हवा भरून तो गालाशी धरायचा, कुठून निसटते का बघायला. सगळे वायरमन तसंच करायचे.

एका बुधवारी तो जेवायला बसला असताना मी एक हातमोजा उचलला आणि रांजणातलं पाणी तांब्यानं त्यात ओतलं. पाण्याचा आणि इलेक्ट्रॉनचा काही संबंध नाही हे मला कळत होतं. एक तरी भिंत धड आहे, एवढंच डोळ्यांनी बघायचं होतं. काठोकाठ भरून हातमोजा उचलला. वजनानं रबर ताणलं. अंगठ्याच्या बेचक्यात एक थेंब आला. मी तो पुसला. परत आला.

माझं पुसणं बघून दादाच ताटावरून उठून आला. त्यानं हातमोजा दाबला, तशी दोऱ्यासारखी बारीक धार निघाली. त्यानं रबर दोन बोटांत ताणून उन्हाकडे धरलं.

“काटा,” तो म्हणाला. “ताणल्याबिगर भोकाचं तोंड उघडत न्हाई. फुकून कसं कळनार?”

आम्ही तिघांनीही कुपाटीकडे पाहिलं. तिथं आईचं लुगडं वाळत होतं.

“आज घावलं ते बरं झालं,” दादा म्हणाला. “स्टोअरमधनं दुसरी जोडी घेतो. त्यात काय येवढं?”

आईचं लक्ष नव्हतं. ती ओठांतल्या ओठांत वार मोजत होती.

“धुतले तवा आइतवार व्हता,” ती म्हणाली. “मग काल काय घातलंस? ह्येच?”

दादा हातातल्या हातमोज्याकडे बघत राहिला.

“काल चालू पॅनलवरच व्हतो,” तो म्हणाला. “हात कोरडे व्हते, म्हनून वाचलो.”

दादाला भ्यालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईनं त्याचा उष्टा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि कंपनीचा भोंगा वाजून गेला तरी सोडला नाही.