केसरबाईंचा पंचवीस डिसेंबर

केसरबाई शिवशरण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलांच्या कडा शिवतात. मागावरून उतरलेला तागा कापून आला, की एकेक टॉवेल घ्यायचा, कड दुमडायची आणि मशीनखालून सोडायची. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. सुई दोनदा बोटातून आरपार गेली, तेवढ्या दोन दिवसांची रजा. नवरा चादरीच्या कारखान्यात होता, तो वारल्याला वीस वर्षं होत आली. मुलगा यशपाल सरकारी कचेरीत नोकरीला लागला आणि त्यानं जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. पण केसरबाईंनी आमच्या गल्लीतल्या दोन खोल्या सोडल्या नाहीत. मी त्यांच्या समोरच राहतो. एका शाळेत कारकून आहे, म्हणून त्या मला सर म्हणतात. पुढं सांगतोय त्यातलं बरंचसं त्यांनीच मला वेळोवेळी सांगितलं. उरलेलं मी माझ्या दारात उभा राहून पाहिलं.

त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या सीमेवर. केसरबाई सात वर्षांच्या असताना आईच्या अंगावर चट्टे उठले, मग बोटं वाकडी व्हायला लागली. महारोग म्हटल्यावर बापानं ओढ्याच्या काठाला एक खोप घालून दिली आणि दुसरं लग्न केलं. वस्ती आधीच गावाबाहेर. या मायलेकी वस्तीच्याही बाहेर. आपल्याच बायका भाकरी आणून दगडावर ठेवायच्या, चार पावलं मागं सरायच्या आणि मग हाक मारायच्या. दोन वर्षं आईला कुणाचा हात लागला नाही. लेकीला तर आईच जवळ येऊ द्यायची नाही.

सोलापुरात मिशनचा दवाखाना आहे असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा दोघी निघाल्या. एसटीत कुणी बसू देईना, म्हणून चालतच निघाल्या. तीन दिवस लागले. दवाखान्यात मार्थाबाई नावाच्या सिस्टर होत्या. त्यांनी आईला स्टुलावर बसवलं, तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि जखम धुवायला लागल्या. आई मोठ्यानं रडायला लागली. दुखतंय वाटून सिस्टर थांबल्या, तर आईनं मान हलवून नाही म्हटलं आणि पाय तसाच ठेवला.

त्या वर्षीच्या नाताळात मार्थाबाईंनी दोघींना घरी जेवायला नेलं. दाराला कागदाचा तारा लावला होता, आत दिवा. करंज्या होत्या, चकल्या होत्या, केक होता. सगळे पंगतीला बसले तेव्हा मार्थाबाईंच्या सासूबाई आतून काहीतरी पुटपुटल्या आणि आई उठायला लागली. मार्थाबाईंनी स्वतःचा पाट तिच्या पाटाला लावला.

“माझ्या आईला घास धरता येईना, तर त्यांनी भरवलं,” केसरबाई मला म्हणाल्या होत्या. “येशूचं नाव घ्या म्हणून कुणी म्हणलं न्हाय. म्हणलं असतं तर आईनं घेतलंबी असतं, सर. पण म्हणलंच न्हाय की.”

मग दर नाताळाला मायलेकी तिथं जायच्या. आई बरी झाली, बोटं मात्र सरळ झाली नाहीत. ती गेल्यावर केसरबाई एकट्या जात राहिल्या, पुढं नवऱ्याला आणि यशपालला घेऊन. दोन हजार चार साली मार्थाबाई वारल्या. त्यांच्या मुलानं, शांतवननं, जुनं घर विकून फ्लॅट घेतला. त्या डिसेंबरात केसरबाईंना जायला घर उरलं नाही. बाजारातून त्यांनी एक तारा आणला आणि आपल्याच दाराला लावला. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती तशीच राहिली. कुकरमध्ये वाळू तापवून त्यात केक भाजला. पहिल्या वर्षी तो खालून करपला.

तारा दिसला तशी पोरं आली. पुढच्या वर्षी आणखी आली. गल्लीत सगळ्या जातीधर्माची घरं. लूमवर काम करणारी तेलुगू कुटुंबं, दोन मुसलमानांची, बाकी आम्ही. पुढं माझ्या दोन्ही मुली इंग्रजी शाळेत जायला लागल्या, त्यांना नाताळ पुस्तकातून माहीत झाला होता. तो खरोखर कुठंतरी आहे, याचंच त्यांना अप्रूप. कोपऱ्यावर, केसरबाईंच्या घराला लागूनच, अण्णारावांचं किराणा दुकान आणि मागं त्यांचं घर. ते मैदा, साखर द्यायचे आणि वर पोरांसाठी गोळ्या. त्यांच्या बायकोला, सिद्धेश्वरीला मूलबाळ उशिरा झालं. गल्लीतली पोरं एका जागी बघायला मिळतात म्हणून ती तासभर येऊन बसायची. प्रत्येकजण आपापल्या कारणानं यायचा. केसरबाईंचं कारण कुणी विचारलं नाही. मीही फार उशिरा विचारलं.

ज्यानं विचारायला हवं होतं तो यशपाल. शिकला, चळवळीत जाऊ लागला, तसा त्याला हा तारा खुपायला लागला. पंचवीस डिसेंबर हा मनुस्मृती दहनाचा दिवस. त्या दिवशी सकाळी वस्तीत सभा असते आणि केसरबाई एकही सभा चुकवत नसत. पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसायच्या. संध्याकाळी मात्र तारा. एकदा तो माझ्यासमोरच आईला म्हणाला, की लोक मला विचारतात, तुझी आई नक्की कुठली? मी काय सांगू?

केसरबाई मैदा चाळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

“शिवू नका म्हणून सांगणारं पुस्तक सकाळी जाळलं. शिवलं त्या बाईचं नाव संध्याकाळी घेती. मला ह्यात दोन गोष्टी दिसत न्हाईत.”

यशपालला ते पटलं नाही. त्या वर्षापासून तो त्या दिवशी यायचा नाही. त्याची मुलगी दीक्षा मात्र हट्ट करून आजीकडं यायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. केक कापायच्या आधी केसरबाई पोरांचा एक खेळ घ्यायच्या. सगळ्यांनी रांगेत मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे, ओंजळ पुढं करायची. मग ज्याच्या ओंजळीत केक पडेल त्यानं डोळे न उघडता ओळखायचं, बेदाणा आहे की काजू. दीक्षानं त्याचा फोटो काढला आणि ‘आजीचा ख्रिसमस’ म्हणून आपल्या मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. सतरा पोरं, सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात पुढं, डोक्यावर तारा.

दुसऱ्या दिवशी तोच फोटो दुसऱ्याच मजकुराखाली गावभर फिरत होता. गरीब मुलांना केकचं आमिष, प्रार्थना करवून घेतात, पालकांनो जागे व्हा. दुपारी आठ-दहा तरुण मोटारसायकलींवरून आले. आमच्या गल्लीतला त्यात एकही नव्हता. त्यांनी केसरबाईंना मारहाण केली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. फक्त घरात शिरले, पातेली उचलून बघितली, कपाट उघडलं, पुस्तकं शोधली. बुद्ध वंदना-सुत्तांची एक पुस्तिका सापडली, ती उलटीपालटी करून खाली टाकली. तारा काढला आणि बरोबर नेला, पुरावा म्हणून.

मी माझ्या दारात होतो. माझ्या मुली त्या फोटोत होत्या. ही मुलं माझी आहेत आणि मीच त्यांना पाठवलं होतं, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. बायकोनं मागून शर्ट धरला. पण ती धरून नसती, तरी मी बोललो असतो असं मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तक्रारीला गल्लीतल्या कुणाची तरी सही हवी होती. ती अण्णारावांनी केली. पुढं मी त्यांना विचारलं, तेव्हा ते साखर तोलत होते. ते म्हणाले, “सर, त्यांच्याशी वैर घेऊन मी दुकान चालवू व्हय? बाईंना कुटं फाशी होणार हाय?”

पोलीस ठाण्यावर केसरबाईंना अडीच तास बाकावर बसवलं. आतला अधिकारी दमलेला होता आणि वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला. म्हणाला, बाई, गुन्हा वगैरे मी काही नोंदवत नाही. यापुढं घरात मुलं जमवून धार्मिक कार्यक्रम करणार नाही, एवढं लिहून द्या. केसरबाई म्हणाल्या, धार्मिक नव्हताच. तो म्हणाला, मग लिहून द्यायला काय हरकत आहे?

सही करायच्या आधी त्यांनी एक दिवस मागून घेतला. त्यांना वाटलं, एक माणूस आहे जो येऊन सांगू शकेल, की पन्नास वर्षांत या बाईला कुणी ख्रिस्ती केलं नाही आणि तिनं कुणाला केलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळी बुडवून त्या शांतवनकडं गेल्या. लहानपणी एका पंगतीला जेवलेला माणूस. त्यानं आत बोलावलं, पाणी दिलं, दार लावून घेतलं. मग हळू आवाजात सांगितलं, की त्यांच्या प्रार्थनेच्या बैठकीतही महिन्यापूर्वी असेच लोक आले होते. तो शिक्षक आहे, त्याला नोकरी सांभाळायची आहे. त्याच्या आईचं नाव कृपा करून कुठं घेऊ नये. केसरबाई उठल्या, तेव्हा तो आणखी एक बोलला. ते त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्या माझ्याकडं नाही, जमिनीकडं बघत होत्या.

“म्हणला, तुमी आमच्यातल्या न्हाय, मग कशाला करता? तुमच्यामुळं आमच्यावर बोट येतंय.”

तिथून त्या परस्पर ठाण्यावर गेल्या आणि सही करून आल्या.

यशपाल संध्याकाळी आला. त्यानं आईवर चिडचिड केली नाही, उलट तिच्यासाठी जेवण घेऊन आला होता. पण जाताना म्हणालाच, मी सांगत होतो. दीक्षानं आजीची माफी मागितली, रडली. केसरबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. तुझी चूक नाही, असं लांबूनच म्हणाल्या.

पुढच्या डिसेंबरात अण्णारावांच्या दुकानात लाल टोप्या टांगल्या होत्या. शहरातल्या मोठ्या दुकानांतून झाडं उभी राहिली, दिवे लागले, सेल लागला. त्या फोटोखालचा मजकूर आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकणारे एक पालक मला अशाच एका दुकानात भेटले, धाकट्या पोराला खांद्यावर घेऊन झाडासमोर फोटो काढत होते. त्यांना मी त्या मजकुराची आठवण करून दिली. ते मनापासून हसले आणि म्हणाले, अहो, हे वेगळं, ही नुसती गंमत.

त्या वर्षी पंचवीस तारखेला केसरबाई संध्याकाळी जादा पाळीला गेल्या. हे मला अपेक्षित होतं. पण सकाळच्या सभेलाही त्या गेल्या नाहीत. यशपाल न्यायला आला होता, खास गाडी घेऊन. डोकं दुखतंय म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. तो माझ्याकडं येऊन बसला. म्हणाला, “सर, सभेला का नको म्हणती? सभा तर तिचीच हाय की.” पहिल्या रांगेतली ती जागा त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी घेतली असेल.

मार्चमध्ये सिद्धेश्वरी मोरीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया करून घरी आणलं, पण दिवसा जवळ बसायला, अंग पुसायला बाई मिळेना. मुलगी परीक्षेला पुण्यात. अण्णाराव केसरबाईंच्या दारात येऊन उभे राहिले. हात जोडून म्हणाले, पंधरा दिवस, दुपारपर्यंत तरी. केसरबाईंनी शांतपणे सांगितलं, कामावर रजा मिळत नाही. ते खोटं होतं. त्या आठवड्यात कारखान्याला माल नव्हता आणि त्या चार दिवस घरीच होत्या. अण्णारावांनाही ते दिसत होतं. ते परत गेले.

भिंतीला भिंत लागून घर. सिद्धेश्वरी पाणी मागायची, कूस बदलायला हाका मारायची, ते केसरबाईंना स्वयंपाकघरात ऐकू यायचं. सिद्धेश्वरीनं तर कधी काही केलं नव्हतं. तिनं सही केली नव्हती. ते तरुण तारा घेऊन गेले त्या दुपारी ती दुकानामागच्या खोलीत रडत बसली होती, हे केसरबाईंना ठाऊक होतं. चौथ्या दिवशी भाड्याची एक बाई मिळाली आणि हाका थांबल्या. तोवर पाठीला जखम झाली होती. ती भरायला पावसाळा उजाडला.

मी एकदा धीर करून विचारलं, का गेला नाहीत. मला तो अधिकार नव्हता, तरी विचारलं. केसरबाई ओट्यावर बसून धाग्यांचा गुंता सोडवत होत्या.

“दोनदा चप्पल घातली, सर,” त्या म्हणाल्या. “दाराच्या कडीला हात लावला, की त्या पोरांनी कपाट उघडल्याचा आवाज यायचा. मग परत बसायची.”

पुढचं त्या बोलल्या ते माझ्याशी नव्हे. “आधी मी अशी न्हवती.”

मग धागा दातानं तोडून त्या आत गेल्या.