बैलाच्या पाठीवरून

शिजवलेल्या हळदीचा उग्र, मातकट दरवळ चैत्रात आमच्या साऱ्या तांड्यावर रेंगाळत असतो. अंगणाअंगणांत पिवळी वाळवणं, पलीकडच्या माळावर पळसाची उरलीसुरली फुलं आणि त्या साऱ्यावर दुपारचं डोळे दिपवणारं पांढरं ऊन. यंदा त्याच दिवसांत माझी लेक कविता सासरी गेली.

साखऱ्याजवळचा हा आमचा बंजारा तांडा. पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथे घातले. पुढे तेच बैल नांगराला जुंपून आम्ही इथे स्थिरावलो. त्या भटकंतीच्या काळापासूनची आमची एक रीत आहे. पाठवणीच्या वेळी नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात आभाळाकडे उचलते आणि माहेराला आशीर्वाद देत गाते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. माझ्या लग्नापर्यंत ही रीत विरत आली होती. मी जीपमध्ये बसून आले.

कविता नांदेडला परिचारिका आहे. लग्न ठरल्यावर तिने हट्टाने एकच मागितलं, बैल. मग रजा काढून ती माझ्या चुलतसासूपाशी, सोनाबाईंपाशी, गाणं शिकायला बसू लागली. ती शब्द मोबाइलवर टिपू लागली तसा सोनाबाईंनी तिचा हात धरला. आमच्या गोरमाटी बोलीत त्या जे म्हणाल्या त्याचं मराठी असं: "पाठ करून न्हाई होत हे, बाई. सूर माझा घे, शब्द तुझे. तुला काय सोडून जायचंय ते बघ, आन् ते म्हण."

पाठवणीला माझ्या नवऱ्याने ढवळा बैल अंगणात आणला. डीजे नुकताच थांबला होता आणि ते जनावर कान टवकारून, खूर आपटत उभं होतं. आखाडा बाळापूरच्या बाजारात दुकान चालवणारे आमचे व्याही पुढे आले.

"विहीणबाई, हे काहून करून राहिले तुमी? बैल बुजला तं लेकराला लागंल. आता ते आमचं बी लेकरू हाय."

त्यांच्या स्वरात धाक नव्हता, निखळ काळजी होती. उत्तर दिलं ते त्यांच्या मुलाने, नवरदेवाने. फेटा, हार तसाच ठेवून अविनाश पुढे झाला आणि त्याने माझ्या नवऱ्याच्या हातातून कासरा घेतला. मग वडिलांकडे वळून म्हणाला,

"बापू, मी धरतो. तिला गाऊ द्या."

तो बैलाचं कपाळ खाजवत, हलक्या आवाजात त्याच्याशी काहीबाही बोलत राहिला. बैलाचा श्वास संथ झाला. भावाच्या खांद्यावर हात टेकून कविता चढली, सावकाश सरळ उभी राहिली. तिच्या ओढणीवरचे आरसे उन्हात लकाकले.

पहिल्या ओळीला तिचा आवाज फाटला. दुसरीला सापडला. बापाच्या रानाला, विहिरीच्या पाण्याला, भावाच्या उंबऱ्याला तिने भरभरून आशीर्वाद दिले आणि मग ती माझ्याकडे वळली. याडी, म्हणजे आई, तू शाळेत शिकवून घरी यायचीस तेव्हा तुझ्या बोटांना खडूचा वास असायचा, तो वास मी सोबत नेते आहे, असं ती गात होती. त्या जुन्या सुरात खडू हा शब्द याआधी कोणत्याही नवरीने गुंफला नसावा. सोनाबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. माझा ऊर असा भरून आला, की रडायचं राहूनच गेलं.

रस्त्यावर सजवलेली गाडी उभी होती. व्याह्यांनी स्वतः जाऊन चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं आणि परत येऊन ते इतरांसारखेच मान वर करून उभे राहिले. लेक देणं, लेक नेणं, असं आपण किती सहज बोलतो. तिथे मात्र ती उतरेपर्यंत कुणालाच तिला नेता येणार नव्हतं. आणि तिचे हात अजून आभाळाकडेच होते.