मामींच्या हॉलमधला एकुलता एक खिळा

मंडळी, सकाळपासून हे कुणाला तरी सांगायचंय.

चेन्नईत अड्यारच्या आमच्या भाड्याच्या घरात नवा खिळा ठोकायला सक्त मनाई आहे. घरमालकीण मामी वरच राहतात. हॉलमध्ये आधीचा एक खिळा होता, त्यावर मी काल बाबांचा फोटो छान फ्रेम करून लावला.

आज मामी सांबार घेऊन आल्या. फोटोसमोर थबकल्या, डोळे मिटून हात जोडले आणि हळूच विचारलं, "कधी गेले?"

"अहो मामी, बाबा साताऱ्यात आहेत! मजेत!"

मामींनी जोडलेले हात झटकन सोडले. त्या खिळ्यावर त्यांच्या यजमानांचा हार घातलेला फोटो असायचा म्हणे. "काढ आधी!" म्हणाल्या.

काढला. पण आता लावू कुठे?

मामी वर जाऊन चक्क हातोडी घेऊन आल्या आणि जेवणाच्या टेबलासमोर त्यांनी स्वतः खिळा ठोकला. "गेलेल्यांना आपण नमस्कार करायचा. असलेल्यांनी आपल्याला जेवताना बघायचं."

एरवी लॅपटॉपवर काहीतरी बघत जेवणारी मी, आज दुपारी तो मिटून जेवले. बाबांसमोर तो उघडा ठेवायची हिंमत कुणाची?

तुमच्या घरी असलेली माणसं कुठल्या भिंतीवर आहेत?