चित्रामागे पैसे

मुलीला जपानी ॲनिमेशनचं वेड लागलं ते आम्ही आयर्लंडमध्ये, ट्रली गावात आल्यावर. मी तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. नवरा आठवडाभर ॲथलोनला नोकरीवर, शनिवार-रविवार घरी. शाळेतून आली की ती एकटीच असायची. तिच्या खोलीतल्या प्रेसमध्ये, तिकडे कपाटाला प्रेसच म्हणतात, कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. सगळ्यांवर मोठाल्या डोळ्यांच्या मुली. मला ती चित्रं आवडत नसत आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र तिथल्या केरी परगण्याच्या हेलातल्या इंग्रजीत, आणि शक्यतो एका शब्दात.

२०१४ च्या सुमारास तिनं जाहीर केलं की शाळा आणि नंतरचं शिक्षण झालं की ती टोकियोला जाणार, तिथे ॲनिमेटर होणार. तेव्हा मी पहिल्यांदा त्या धंद्याबद्दल वाचलं, आणि वाचता वाचता संतापले. जगभर पोरं ज्या मालिका बघतात, त्या काढणाऱ्यांना टोकियोत खोलीचं भाडं निघत नव्हतं. माणसं टेबलाखाली झोपत होती, आजारी पडून सोडून जात होती. मी ते सगळं छापून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तिनं त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढली.

मग डब्लिनच्या एका हॉटेलात अशा मालिकांच्या चाहत्यांचा मेळावा भरला. एक जपानी ॲनिमेटर बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. मुलगी अजून लहान असल्यामुळे बरोबर पालक हवा होता. मी रजा घेतली. प्रश्न घरूनच तयार करून नेला होता.

हॉल निळ्या-गुलाबी केसांच्या टोपांतल्या पोरांनी भरला होता. बाई पन्नाशीच्या, काळा स्वेटर, शेजारी डब्लिनचा एक तरुण दुभाषा. त्यांनी पडद्यावर एक धावणारी मुलगी काढून दाखवली. माझ्या लेकीनं विचारलं, धावताना शरीराचं वजन चित्रात कसं आणायचं? बाई खुर्चीतून उठल्या, चार पावलं धावून दाखवली, खूप वेळ समजावत राहिल्या. त्यांचं झाल्यावर मी माइक मागितला.

"नव्यानं लागणाऱ्या मुलांना पगार किती देतात? त्यात टोकियोत राहता येतं का?"

दुभाषा घुटमळला. "हे नंतर बोललं तर..."

"आत्ता विचारा," मी म्हणाले.

मागून कुणीतरी हुर्यो केली. बाईंनी प्रश्न ऐकून घेतला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "उत्तर तुम्हाला माहीत आहे," दुभाष्यानं त्यांचं बोलणं सांगितलं. "तुम्हाला ते या मुलांसमोर माझ्या तोंडून हवंय."

"हो."

मग त्यांनी सांगितलं, काही न लपवता. हालचालीतली महत्त्वाची चित्रं अनुभवी लोक काढतात. त्या चित्रांच्या मधली बाकीची सगळी चित्रं नव्या मुलांनी काढायची, आणि त्यांना पगार नसतो, चित्रामागे पैसे मिळतात. त्या स्वतः आईवडिलांकडे राहत होत्या म्हणून टिकल्या. बरोबर लागलेले बहुतेक सोडून गेले. आता परदेशातून पैसा येतोय असं म्हणतात, पण तो वरच्यावरच मुरतो, चित्रं काढणाऱ्याच्या टेबलापर्यंत येत नाही. नवी माणसं टिकत नाहीत, त्यामुळे दहा वर्षांनी हे काम कुणाला येत असेल, ते त्यांना सांगता येत नव्हतं. "मलाही पुढच्या वर्षी काम असेलच असं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं समाधान झालं असेल तर बसा."

मी बसले. माझं समाधान झालं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

परतीच्या गाडीत लेक दुसऱ्या डब्यात जाऊन बसली. मॅलोला गाडी बदलायची असते, तिथे फलाटावर मी तिला गाठलं.

"तू सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस," ती म्हणाली.

"तुझ्या भल्यासाठी विचारलं."

"तू नागपूरला डॉक्टरकी शिकताना दोन दोन रात्री जागून काम करायचीस. कुणीही घरी आलं की सांगतेस. अभिमानानं सांगतेस."

"त्यातून मला पक्की नोकरी मिळाली. त्या बाईंना पन्नाशीत पुढच्या वर्षाची खात्री नाही."

"मग त्यांच्या मालकांना जाऊन विचार ना. त्यांना कशाला उभं केलंस?"

मी तिला आवाज खाली ठेवायला सांगितलं.

शाळा संपल्यावर ती डब्लिनला ॲनिमेशन शिकायला गेली. नवरा म्हणाला, "निदान आयर्लंडमध्येच आहे, ठीकच झालं, इट्स ग्रँड." तिला टोकियोच्या ज्या स्टुडिओत जायचं होतं तो मध्येच बंद पडला. मला बरं वाटलं आणि मी ते लपवलं नाही. तिनं दुसरा शोधला. २०१९ मध्ये तिथून बोलावणं आलं. सुरुवातीला थोडा ठरलेला पगार, नंतर चित्रामागे पैसे.

"मी काही पाठवणार नाही," मी फोनवर म्हणाले.

"मी मागितलेलं नाही."

विमानतळावर तिला सोडायला तिचे बाबा गेले. माझी ड्यूटी होती. बदलून घेता आली असती, घेतली नाही.

आता ती टोकियोहून बाबांना फोन करते आणि नवरा फोन स्पीकरवर ठेवतो. परवा सांगत होती, खोली लहान आहे, खिडकी उघडत नाही, दाढ दुखतेय. "आईला देऊ का?" त्यानं विचारलं.

"नको, मला निघायचंय."

मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले, "तिला विचार, दाताच्या डॉक्टरचे पैसे कोण भरणार आहे."

तिनं ते ऐकलं असणार. तिनं फोन ठेवला.