चारी चिंचोके पालथे

माझी नात पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मित्रमैत्रिणींना जमवून टेबलाभोवती एक खेळ खेळते. मागच्या दिवाळीत तिने तो मला समजावून सांगितला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, फासे पडतील तसं पुढे घडत जातं. त्यात राजे असतात, कटकारस्थानं असतात, भुतं असतात, आणि एकच डाव वर्षभर चालतो. "आजी, असलं काही तुमच्या खेड्यात नसेल," ती म्हणाली. मला रागच आला. मी म्हटलं, आम्ही हेच कापसाच्या ढिगावर बसून खेळलो आहोत, आणि तुमच्याकडे डाव संपल्यावर सगळे आपापल्या घरी जातात, तेवढं तुमचं बरं आहे. ती हसली. म्हातारी फुशारकी मारते आहे असं तिला वाटलं असणार. मी पुढचं सांगितलं नाही. ते इथे लिहिते.

मराठी माणसांचं नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव जानेफळच्या पलीकडे, घर शेतकऱ्याचं, बऱ्यापैकी जमीन असलेलं. घरात कारभार मोठ्या बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा. त्यांची मुलगी माझी अक्का. सोळाव्या वर्षी लग्न होऊन दोन कोसांवरच्या गावी गेली आणि अठराव्या वर्षी परत आली. नवरा तापाने गेला. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि अक्का वीस-एकवीसची. ती सातवी पास होती. आमच्या घरात तिच्याइतकं डोकं कोणाला नव्हतं, आणि ते डोकं दिवसभर ज्वारी निवडत बसायचं.

दिवाळीनंतर कापूस घरात यायचा. खामगावला गाड्या जाईपर्यंत तो मागच्या खोलीत साठवायचे, पार आढ्यापर्यंत. दुपारी पुरुष शेतात, बायका जरा आडव्या झालेल्या, तेव्हा आम्ही तिघी त्या ढिगावर चढायचो. मी, अक्का आणि शेजारच्या माळ्याची मुलगी. तिच्या घरचे आमच्या विहिरीच्या पाण्यावर वांगी-मेथी काढायचे.

खेळाचं नाव गादी. राजा पहिल्याच दिवशी मेला होता आणि गादी रिकामी होती. माळ्याची मुलगी राणी. तिला राणीच व्हायचं असायचं, आणि राणी झाल्यावर ती काहीही करायची नाही, नुसती ऐटीत बसायची. अक्का दिवाण. बाकी सगळी माणसं, म्हणजे सरदार, चोर, शेजारचा राजा, ही माझ्याकडे, कारण गोष्ट मी सांगायची. माझ्या जुन्या वहीत राज्याचा नकाशा होता आणि प्रत्येक माणसाचं चित्र. चिंचोके फोडून केलेली चार अर्धी दळं म्हणजे आमचे फासे. पांढरी बाजू वर पडली की उताणा, नाही तर पालथा. जितके उताणे, तितकं दिवाणाचं चालायचं. चारी पालथे पडले की मेलेला राजा बोलायचा. ज्याच्या हातून पालथे पडले त्याने त्याला तोंड द्यायचं, म्हणजे त्याच्या आवाजात बोलायचं. मेलेल्याने आधी नाव सांगायचं आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. ते खरंच असलं पाहिजे.

हा शेवटचा नियम अक्काचा. "जित्यानं लागल ते बोलावं," ती म्हणायची. "मेल्यानं खोटं बोलायचं नाई. त्याले आता कोनाचं भ्याव हाय?"

खेळात ती अशी काही चाली खेळायची की मला दुसऱ्या दिवशीची गोष्ट रात्रभर जुळवत बसावं लागे. शेजारच्या राजाचा वकील कागद घेऊन आला की दिवाण म्हणायचा, कागद ठेवून जा, वाचून सांगतो. दर वेळी तेच. एकदा मी चिडून विचारलं, काऊन वं, प्रत्येक कागद काय वाचते? ती म्हणाली, "न वाचता सही केली त दिवान कायचा मी?"

त्याचं कारण मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. नव्या कायद्याने नवऱ्याच्या हिश्श्याची जमीन तिच्या नावावर आली होती, आणि तिचा दीर दर महिन्याला एक कागद घेऊन यायचा. हक्क सोडल्याचा कागद. अक्का तो वाचायची आणि तसाच परत द्यायची. तिला ती जमीन बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, लावून त्यावर खामगावला मास्तरणीच्या शिक्षणाला जायचं होतं. अर्ज तिने स्वतः लिहिला होता आणि बोलावणंही आलं होतं. आधी मोठे बाबा तिच्या बाजूचे होते. मग पंचायत समित्यांची निवडणूक आली. मोठ्या बाबांना समितीवर जायचं होतं, आणि अक्काच्या सासरच्या गावच्या पंचांची मतं दिराच्या मुठीत होती. तेव्हापासून दीर आला की त्याला दूध घालून चहा मिळू लागला.

एक दिवस दीर सकाळीच आला, आणि जमीन सोडवून देण्याचं त्याचं आणि मोठ्या बाबांचं ओसरीतलं बोलणं अक्काने ऐकलं. दुपारी ती ढिगावर चढली तेव्हा तोंड ओढलेलं होतं.  दुसऱ्याच फेकीला तिच्या हातून चारी पालथे पडले. मी राणीच्या वतीने प्रश्न विचारला, "महाराज, तुमचा घात कोनं केला?"

अक्काने डोळे मिटले आणि नाव न सांगताच पोटातून आवाज काढला. "माह्या भावानं. मी मेलो आन तो माही जमीन खाऊन राह्यला. माह्या बायकोले उघड्यावर आनून राह्यला. तिचा बाप त्याले सामील हाय."

राजाचं राज्य असतं, जमीन नसते. हे माझ्या लक्षात आलं. पण मी गप्प राहिले, कारण ती रडत होती.

कापूस आवाज खातो. त्या खोलीतलं बोलणं बाहेर जातं ते जाड होऊन जातं, बाईचं की पुरुषाचं कळत नाही. आणि बाहेर, दाराला लागून, मोठे बाबा दिराला कापूस दाखवायला घेऊन आले होते. दार उघडलं तेव्हा दिराचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याची पाचावर धारण बसली होती. "माह्या भावाचा आवाज हाय," एवढंच तो बोलला आणि तिथेच खाली बसला. मोठे बाबाही घाबरले होते, खोटं कशाला सांगू. ती भीती खरी होती, तासभर. मग तिचा उपयोग सुरू झाला.

संध्याकाळच्या आत सगळं घर ओसरीत जमलं. अक्का खांबाला टेकून बसली होती. "खेळ व्हता बाबा," ती शांतपणे सांगत होती. "आमी रोजच खेळतो." पण बाधा झालेलं माणूस कधी मला बाधा झाली असं म्हणतं का, असं बायकांचं म्हणणं पडलं. माळ्याच्या मुलीनेही खेळ होता असं सांगितलं, मोठ्याने, दोनदा. तिच्या आईने तिला दंडाला धरून ओढत नेलं. आमच्या विहिरीचं पाणी होतं ना.

मग मोठ्या बाबांनी मला समोर उभं केलं. "पोरी, गोष्ट तू सांगते म्हन्ते ते. खरं सांग. खेळ व्हता का बाहेरचं?"

माझ्या डोळ्यांपुढे ती वही आली. ती कापसात खुपसून ठेवली होती. तिच्यात शेजारच्या राजाला मी मोठ्या बाबांच्या मिशा काढल्या होत्या आणि खाली काय काय लिहिलं होतं. खेळ होता म्हटलं की वही निघणार. वही निघाली की लिहायला शिकलेल्या पोरी काय करतात हे घराला दिसणार. जूनमध्ये मला चिखलीला, मामाकडे, आठवीला पाठवायचं ठरलं होतं. ते मुश्किलीने ठरलं होतं. अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. तिला खात्रीच होती.

"मले नाई माहीत," मी म्हटलं.

एवढंच. मी खोटंसुद्धा बोलले नाही, अशी समजूत मी पुढे कितीतरी वर्षं घालून घेतली. त्या रात्री मी वही चुलीत घातली.

भगत दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दिराच्याच गाडीतून आला. मिरच्यांची धुरी केली, अक्काचे केस मोकळे सोडले, दोन बायकांनी तिला धरलं. "कोन हाय तू? नाव सांग!" तो ओरडायचा. अक्का खोकत खोकत म्हणायची, मी मीच आहे. मग पुन्हा मिरच्या. मी दाराआडून बघत होते. तिसऱ्या की चौथ्या वेळी ती खोकायची थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. मोठी चाल खेळायच्या आधी दिवाण असाच बसायचा.

तिने नवऱ्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, अहो-जाहो नाही, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट, मोठ्याने. आमच्याकडे बाई मरेपर्यंत नवऱ्याचं असं नाव घेत नाही, विधवा तर नाहीच. धरलेल्या बायकांनी तिला सोडूनच दिलं. आता कोणाला शंका उरली नाही. बायको हे नाव घेणार नाही, म्हणजे बोलतो आहे तो तोच.

"माही जमीन माह्या बायकोची हाय," तो आवाज म्हणाला. "तिले शिकाले जाऊ द्या. कोनी आडवं आलं त त्याच्या घरात दिवा लावाले मानूस ठेवनार नाई."

मला आतून आनंदाची उकळी फुटली. जिंकली, मला वाटलं. मेलेला खोटं बोलत नाही, आणि आता हे सगळे तिच्या नियमाने खेळत होते. दीर भिंतीपर्यंत मागे सरकला होता. मोठे बाबा हात जोडून उभे होते.

भगताने वेळ घेतला. दिराकडे पाहिलं, मोठ्या बाबांकडे पाहिलं. मग राख हातावर चोळत म्हणाला, "जीव जमिनीत अडकला त्याचा. जवरोक जमीन हिच्या नावावर हाय, तवरोक तो हिले सोडत नाई. पोरगी वाचवाची असन त जमीन हिच्यापासून तोडा."

तिच्याच चालीने तिला मारलं. राजा खरा आहे हे तिने पटवून दिलं आणि त्याचा अर्थ त्यांनी लावला. कोणी तिला दुष्टपणे वागवलं, असंही म्हणता येत नाही. घरातल्या बायका रडत होत्या, पोरगी वाचली पाहिजे म्हणत होत्या. माझी आई नवस बोलली.

कागद दोन दिवसांनी घरीच झाला. अक्काने तो हातात मागितला, वाचला, आणि म्हणाली, "मले सही येते." लिहिणारा माणूस म्हणाला, बाधा झालेल्या हाताची सही उद्या कोणी मानणार नाही, अंगठा बरा. मोठ्या बाबांनी स्वतः तिचा अंगठा शाईत बुडवला. खामगावच्या बोलावण्याचं कोणी नावही काढलं नाही. बाहेरचं असलेल्या बाईच्या हाती कोण पोरं देणार?

मोठे बाबा निवडून आले. मी जूनमध्ये चिखलीला गेले. पुढे मास्तरीण झाले, तेहतीस वर्षं नोकरी केली. ती जागा अक्काची होती, हे मी एकही दिवस विसरले नाही. विसरले नाही म्हणून काय मोठं केलं? काही नाही. दर वर्षी जायची, साडी न्यायची, ती माझ्यासाठी शेवया करून ठेवायची. आम्ही सगळ्यावर बोलायचो, त्या एका गोष्टीवर सोडून. तिच्या अंगात पुन्हा कधी काही आलं नाही. गावाने ते भगताच्या नावावर जमा केलं.

मोठे बाबा गेले. दीर गेला. कापूस शेतातूनच परस्पर विकला जाऊ लागला आणि मागची खोली रिकामी पडली. मी सेवेतून निवृत्त झाले त्या वर्षी तिच्याकडे गावी आले, तर दुपारी अक्काने मला त्या खोलीत बोलावलं. फरशीवर बसली होती. पदराच्या गाठीतून तिने चिंचोके काढले. नवे होते, तिने फोडून ठेवले होते.

"फेक," ती म्हणाली.

मी फेकले. दोन उताणे. पुन्हा फेक म्हणाली. एक उताणा.  ती काही घाईत नव्हती. किती वेळा फेकले ते आठवत नाही, पण चारी पालथे पडेपर्यंत तिने मला उठू दिलं नाही.

"कोनाले तोंड देऊ?" मी विचारलं. मला वाटलं, ती नवऱ्याचं म्हणेल, नाही तर बापाचं.

"ओसरीत एक पोर्गी उभी व्हती," अक्का म्हणाली. "मले वाटते, ते तवाच मेली. तिले तोंड दे." मग तिने मोठ्या बाबांचे शब्द जसेच्या तसे उचलले. "पोरी, खरं सांग. खेळ व्हता का बाहेरचं?"

माझं वय अठ्ठावन्न होतं. 

"खेळ व्हता, अक्का."

"आयकू नाई आलं," ती म्हणाली. "वसरीलोक गेलं पाह्यजे."

ओसरीत कोणी नव्हतं. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते सगळे गेले होते. मी मोठ्याने म्हटलं, शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तसा आवाज लावून, "खेळ व्हता!" खोलीत कापूस नव्हता. आवाज भिंतींना लागून सगळ्या घरभर गेला, अगदी स्वच्छ, माझा म्हणून ओळखू येईल असा.

अक्काने चिंचोके गोळा केले, पुन्हा पदराला गाठ मारली आणि चहा ठेवायला उठली.