आरे टेलर

पाटीवरचा पडदा आप्पांनीच शिवला होता. जांभळी मखमल, कडेला जरीची पट्टी. सेठनं दोरी ओढली, पडदा खाली आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी डोक्यावरची नवी टोपी सारखी केली आणि पाटीला हात जोडले, देवाला जोडावेत तसे. त्यांना कानडी फाडफाड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. इंग्रजीचं तर नावच नको. माझ्याकडे वळून म्हणाले, "वाच गं. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "आरे टेलर."

आप्पांचे हात अजून जोडलेलेच होते. म्हणाले, "आणि पुढं?"

"पुढं काही नाही, आप्पा."

माझ्या बापाचं नाव धोंडोजीराव.

आरे म्हणजे काय ते सांगते. बंगळूरचे कानडी लोक आम्हा मराठी बोलणाऱ्यांना आरे म्हणतात. कुणी म्हणतं, आम्ही दर वाक्याला 'अरे' म्हणतो म्हणून. खरं कारण मला माहीत नाही. आमच्या गल्लीत कुणी नवीन बाई आली की विचारायची, तुम्ही आरेंपैकी का? त्यात काही वाईट नव्हतं. आम्ही हो म्हणायचो. पण ते अख्ख्या लोकांचं नाव. एका माणसाचं नव्हे.

सेठनं ते एका माणसाचं केलं. चिकपेटेत त्याचं कापडाचं मोठं दुकान. दुकानाच्या पायरीवर आप्पांचं मशीन. माझ्या जन्माआधीपासून तिथंच. गिऱ्हाइकानं आत कापड फाडून घ्यायचं आणि बाहेर आप्पांकडे माप द्यायचं. ऊन आलं की आप्पा मशीन स्वल्प सरकवायचे, पाऊस आला की ताडपत्री बांधायचे. आतून हाक यायची, "ए आरे!" सेठ मारायचा, सेठची मुलं मारायची, मुनीम मारायचा. आप्पा उठायचे. गल्लीत लहानथोर त्यांना धोंडोजीअण्णा म्हणायचे, आणि चिकपेटेत पाय ठेवला की ते नाव कुठं गळून पडायचं कोण जाणे.

मग सेठनं जयनगरला दुसरं दुकान काढायचं ठरवलं. जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं. रुंद रस्ते, कमरेएवढी झाडं, मधे मधे मोकळे प्लॉट. दुकानाला काचा, आणि मागं शिंप्यासाठी खोली. डोक्यावर छप्पर, पंखा. सेठ आप्पांना म्हणाला, "तेरे नाम की पाटी लगाऊंगा." झालं. आईनं गल्लीभर सांगितलं. आप्पा रोज जेवताना विचारायचे, पाटीवर धोंडोजी पुरे की धोंडोजीराव? आई म्हणायची, राव पाहिजेच. मी तेव्हा एस.एस.एल.सी.च्या वर्गात होते. मी घरच्या दगडी पाटीवर खडूनं कानडीत लिहून दाखवलं. आप्पांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आयुष्यात त्या माणसानं दुसरं काही मागितलं नव्हतं. खोली मिळाली याचासुद्धा एवढा आनंद त्यांना नव्हता.

म्हणून मी सेठकडे गेले. सगळे पाहुणे उभे होते. मला वाटलं, रंगवणाऱ्याची चूक असणार, दुरुस्त करतील. म्हटलं, "सेठजी, नाव चुकलंय. आप्पांचं नाव आरे नाही."

सेठ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला. "पेंटरने नाम पूछा, मैंने बता दिया. आरे नहीं तो फिर क्या नाम है इसका?"

आप्पा शेजारीच उभे होते. इतकी वर्षं त्याच्या पायरीवर बसलेला माणूस. त्याचं नाव सेठ मला विचारत होता.

मी सांगितलं.

सेठ म्हणाला, "इतना लंबा? पाटी छोटी है."

लोक हसले. हसू आलं म्हटल्यावर सेठला चेव आला. तो पाहुण्यांकडे वळला आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागला. "इनके बाप-दादा इधर कब आए? दो-तीन सौ साल पहले. तलवार लेके आए. मेरे दादाजी तो कल आए, लोटा-डोरी लेके. हम भी परदेसी, ये भी परदेसी. आज देखो. गद्दी पे कौन, पायरी पे कौन?"

पाहुण्यांत आमचे रावसाहेबही होते. निवृत्त अधिकारी, शहरातल्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष. मला वाटलं, हे तरी काही बोलतील. रावसाहेबांनी मान डोलावली. म्हणाले, "खरं आहे सेठजींचं. आपल्या लोकांत धमकच नाही."

आपल्या लोकांत. आई त्यांच्या घरी झंपरं पोचवायला जायची ती मागच्या दारानं. त्या दिवशी आम्ही एकदम आपले झालो.

मी तोंड उघडणार तोच आप्पांनी माझा दंड धरला. "असू दे. स्वल्प गप्प बस." मग सेठकडे बघून म्हणाले, "सरी, सेठजी, ठीक आहे. चांगली आहे पाटी."

आम्हाला पेढे दिले. मी माझा तिथंच काचेच्या कपाटावर ठेवून आले. बसमध्ये आप्पा खिडकीबाहेर बघत होते. घरी आई उंबऱ्यातच उभी. कशी झालीय पाटी? आप्पांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. म्हणाले, "पिवळी आहे. अक्षर मोठं आहे." आईनं माझ्याकडे बघितलं. मी आत गेले.

त्या दिवसापासून सेठची ती तुलना माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मी ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. एक गोष्ट लवकरच कळली. तलवार आमची नव्हतीच. ती दुसऱ्यांची. आमचे पूर्वज फौजेबरोबर आले ते तंबू शिवायला, खोगिरांना अस्तर लावायला. फौज गेली. सरदारांना जमिनी मिळाल्या, कारकुनी करणाऱ्यांना कचेऱ्या मिळाल्या. शिंपी सुया घेऊन मागं राहिले. मुलूख जिंकल्याचा फायदा कधी आमच्या दारात आला नाही, आणि आज मुलूख गमावल्याचा टोमणा मात्र बरोबर आमच्या दारात येतो. रावसाहेबांनी तो हसत हसत आमच्याकडे ढकलला.

आणि तो लोटा. सेठचे आजोबा लोटा घेऊन आले हे खरं. उपाशी राहिले, दुकानात जमिनीवर झोपले, हेही खरं असेल. त्यांच्या कष्टाला मी नाव ठेवत नाही. सेठच्या दुकानात त्यांच्याकडचे नवे पोरगे यायचे, पहाटेपासून राबायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांतले सगळेच काही सेठ झाले नाहीत. पण त्या लोट्याला उतरायला जागा होती. गावचा कुणीतरी आधी येऊन बसलेला असायचा. त्याच्या बाशात, म्हणजे खाणावळीत, जेवायचं, त्याच्या पेढीवर शिकायचं, पुढं त्यानंच पहिला माल उधार द्यायचा. नवा शिंपी चिकपेटेत आला तर त्याला आमच्याकडून काय मिळायचं? दुसऱ्या एखाद्या पायरीचा पत्ता. देणाऱ्याकडेच काही नव्हतं. कापडाचा तागा कपाटात ठेवला तर त्याचा भाव वाढतो. आप्पांचा हात नुसता ठेवला तर संध्याकाळची चूल पेटत नाही. ही दोन माणसं एका रेघेवरून धावायला निघालीच नव्हती, आणि सेठ म्हणतो, बघा कोण पुढं गेलं.

हे सगळं मला त्या दिवशी सुचलं असतं तर! त्या दिवशी फक्त कानशिलं तापली होती.

काही महिन्यांनी सेठचा निरोप आला. जयनगरच्या बायका पुरुष शिंप्याला माप द्यायला लाजतात. तर "आरे की बेटी" ला पाठव. मी तेव्हा परीक्षा पास झाले होते. आईला देव पावल्यासारखं झालं. बाप-लेक एका खोलीत, पंख्याखाली. मी म्हटलं, "मी त्या पाटीखाली बसणार नाही."

आईनं माझ्या थोबाडीत मारली. म्हणाली, "नावानं पोट भरतं का गं?"

गालाचं मला काही वाटलं नाही. सेठचं तत्त्वज्ञान आमच्या चुलीपर्यंत येऊन पोचलं होतं, त्याचं वाटलं. आप्पा मशीनमध्ये तेल घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. नंतर एवढंच म्हणाले, "तिला नको तर राहू दे."

माझ्या नकारानं काही बदललं असं समजू नका. काहीसुद्धा बदललं नाही. सेठनं दुसरी बाई ठेवली. आप्पा त्या पाटीखाली बसत राहिले. गिऱ्हाइकं त्यांना आरे मास्तर म्हणू लागली. आप्पाही मग तेच सांगू लागले, मी आरे मास्तर. एकदा गल्लीतल्याच एका माणसानं त्यांना तशी हाक मारली, आणि आप्पा वळले. मी दारात होते. बापाला इतक्या सहज वळताना पाहून मला रडू आलं. ते मात्र हसून त्याच्याशी बोलत उभे राहिले.

आप्पा गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी जयनगरहून मुनीम भेटायला आला. गल्लीच्या तोंडाशी त्यानं विचारलं, आरे मास्तरांचं घर कुठलं? तिथं पाणी भरणाऱ्या बाया नव्या होत्या. म्हणाल्या, इथं सगळेच आरे, मास्तर कुणी नाही. तो सगळी गल्ली हिंडला. दारोदार. आमच्या दारावरूनही एकदा पुढं गेला. बाप मेला होता आणि त्याला शोधायला आलेल्या माणसाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. शेवटी मीच बाहेर येऊन म्हटलं, "धोंडोजीराव गेले. तुम्ही त्यांच्याकडे आला असाल तर आत या."

तो आला. सेठनं निरोप दिला होता: मुलानं जागा सांभाळावी. माझा धाकटा भाऊ तोवर हाताशी आला होता. त्यानं लगेच मान हलवली. मी म्हटलं, निदान पाटी तरी बदलून घे. तुझं नाव घाल, नाहीतर आप्पांचं. तो म्हणाला, "अक्का, सोड गं. गिऱ्हाईक तेच नाव ओळखतं."

पाटी बदलावी लागली नाही. बाप गेला, मुलगा बसला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला पत्ताही लागला नाही. उद्या भावाचा मुलगा बसेल, तेव्हाही ती पाटी चालेल. पिवळा रंग अजून टिकून आहे.

मी आता शहराबाहेरच्या कारखान्यात रेडिओचे भाग जुळवते. लांब बाकावर आम्ही बायका ओळीनं बसतो. आमच्या ओळीत मराठी बोलणाऱ्या तिघी-चौघी आहेत. सुपरवायझर शिकलेला, चांगल्या घरचा, इस्त्रीचे कपडे. त्याला आमची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा. तो आम्हाला एकच हाक मारतो, "ए आरे हुडुगी!" म्हणजे आरेंची पोरगी. हाक आली की तिघी-चौघींपैकी कुणीतरी वळते. मी त्यांना बोल लावत नाही. त्यांच्या घरी चुली आहेत.

मी वळत नाही.

पहिल्यांदा तो जागेवर आला. ऐकू येत नाही का, म्हणाला. मी म्हटलं, मला कुणी हाक मारली नाही. मग त्यानं नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं आणि त्याला जोडून बापाचं. पूर्ण. रावसकट.

तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "इष्टु उद्द हेसरा?" एवढं लांब नाव?

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. तेव्हा आप्पांनी माझा दंड धरला होता. आता दंड धरायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "उद्दच आहे. तसंच घ्यायचं."

त्याची शिक्षा मला झाली. बाकावरून उठवून मला खोकी बांधायला घातलं. पगार कमी, दिवसभर उभं राहायचं. परवा त्यानं बजावलं, आणखी एकदा हाकेला ओ दिली नाहीस तर गेटाबाहेर. आईला मी हे सांगितलेलं नाही. भाऊ म्हणेल, सोड गं अक्का. नोकरी गेली तर मला जयनगरच्या त्या खोलीशिवाय दुसरी जागा नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आणि तिथं मी बसणार नाही, हेही.

आज सकाळी हाक आली. "ए आरे!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याची दोरी आवळत राहिले. पुन्हा हाक आली. मी दुसरं खोकं ओढलं. मग त्यानं दात ओठ खात माझं नाव घेतलं. नुसतं माझं. मी हात थांबवले, पण मान वर केली नाही. पुढचं नाव अजून यायचं होतं.

ते आलं नाही. उद्या सकाळी गेटावर काय व्हायचं ते होईल. धोंडोजीराव हे नाव त्याच्या तोंडून आल्याशिवाय मी वळणार नाही.