घाटातल्या हाकेला ओ दिली

माहेरच्या ग्रुपवरच्या भाचरांनो, म्हातारी मी आणि विसरता तुम्ही! आत्याला निगडीहून आणायला कुणी जायचं ठरलं होतं, आठवतंय का? शेवटी आज सकाळी लेकाच्या मोटरसायकलवर मागे बसून गावी आले. सांगतेय मी, लिहितेय नात.

घाटाच्या चढाला दाट धुकं होतं. एका वळणावर मागून हाक आली, "चिमे!"

मला चिमी फक्त माझे वडील म्हणायचे, तुमचे कधीच वारलेले आजोबा. साठ सालाच्या आधी ते मला याच घाटातून फटफटीवर मागे बसवून न्यायचे. दर वळणाला "चिमे!" अशी हाक मारायचे. मी ओ दिली नाही, तर पोरगी पडली समजून गाडी थांबवायचे.

पण रानातली हाक तिसऱ्यांदा आल्याशिवाय ओ देत नाहीत; भूत दोनदाच हाक मारतं म्हणतात. मी गप्प राहिले. दुसरी हाक आली. तरी गप्पच.

तशी गाडी बंद पडली. लेक किका मारून दमला. गाडी ओल्या चढावरून मागे घसरायला लागली, आणि मागे दरी.

"आई, ही चिमी कोण गं?" लेक म्हणाला. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं!

तिसरी हाक काही येईना. मी डोळे मिटून ओरडले, "ओ! घट्ट बसलेय!"

पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली.

ओ द्यायला नको होती का रे? खरं सांगा. आणि एवढ्या वर्षांनी आलेला माणूस भुकेला असणार. त्या वळणावर पान ठेवायचंय. तांदळाची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा दिवस मावळायच्या आत तिथे पाठवा. रस्सा झणझणीत करा, मिळमिळीत त्यांना चालत नाही.